अठरा पूर्ण झाली, आता गाडी शिकायचीय? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या ड्रायव्हरांसाठी पहिल्यापासून

बारावीचा निकाल लागला की ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, घराघरात दोन विषय एकदम सुरू होतात, एक अॅडमिशन आणि दुसरा गाडी. मुलगा किंवा मुलगी अठराची झालेली असते, कॉलेज लांबचं मिळणार असतं, घरची गाडी खाली उभीच असते, मग कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरायचे, वीस-एक दिवस सकाळी अर्धा तास जाऊन यायचं, टेस्ट द्यायची आणि कार्ड घरी आलं की चावी हातात. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच पोरापोरींना असं शिकताना मी पाहिलंय, काहींच्या शेजारी बसून फिरलेय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय, शिकणाऱ्यांसाठी पण आणि त्यांच्या आईबाबांसाठी पण.

एक आकडा आधीच सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. गेलेल्यांत जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ वयातली होती, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय अतिवेग. खड्डे आहेत, रस्ते वाईट आहेत, हे सगळं खरंच आहे, पण वेग किती ठेवायचा हे चालवणाऱ्याच्याच पायात असतं आणि ते शिकवता येतं. क्लासच्या त्या वीस दिवसांत ते शिकवलं जात नाही, तेवढा वेळच नसतो तिथे. मग ते कुठे नि कसं शिकायचं, तेच पुढे क्रमाने लिहिलंय.

पायरी १: लर्निंग लायसन्स, आणि ते स्वतःच काढा

परिवहनच्या सारथी पोर्टलवर जायचं, महाराष्ट्र निवडायचं, फॉर्म भरायचा, आधारवरून ओळख पटली की लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. ठाणे शहरातले एमएच ०४ ला, ऐरोली ते बेलापूर पट्ट्यातले वाशी आरटीओ म्हणजे एमएच ४३ ला, आणि खारघर, कामोठे, पनवेल, उलवेवाले एमएच ४६ पनवेलला येतात. परीक्षेत साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. आता ही परीक्षा घरून असते म्हणून दादाला बाजूला बसवून, किंवा एजंटला ओटीपी देऊन ती 'काढून घ्यायची' पद्धत पडलीय, ते अजिबात करू नका. चिन्हांची ओळख ही त्या एकाच वेळी होते, नंतर कोणी बसून चिन्हं शिकत नाही. 'पुढे रस्ता अरुंद' आणि 'पुढे दुतर्फा वाहतूक' यातला फरक मेट्रोच्या कामात वळवलेल्या घोडबंदर रोडवर रोज लागतो.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर कमीत कमी ३० दिवस थांबून मगच पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. बरेच जण एकतिसाव्या दिवसाची तारीख पकडायला धावतात. माझं म्हणणं, सहा महिने हातात आहेत ना, मग चार-साडेचार महिने नीट वापरा आणि मग टेस्ट द्या. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल लावायचाच आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला पाहिजे, तोही असा की वेळ आली तर गाडी थांबवू शकेल. एल लावायची लाज वाटून घेऊ नका, मागचा माणूस तो बघून थोडं अंतर ठेवतो, निदान हॉर्न जरा कमी मारतो.

आणि अठराच्या आतल्यांसाठी स्पष्ट सांगते. सोळाव्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या घरात असते ती अॅक्टिव्हा ११० किंवा १२५ सीसीची, म्हणजे त्या लायसन्सवर ती चालतच नाही. ट्यूशनला जवळच जायचंय म्हणून चावी देणाऱ्या आईबाबांनी २०१९ ची कायद्यातली दुरुस्ती वाचावी. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. हे सगळं बाजूला ठेवलं तरी समोरच्याचा जीव जाऊ शकतो, ते तर कशानेच भरून येत नाही.

पायरी २: क्लास बघून लावा

घराजवळ आहे नि फी कमी आहे एवढ्यावर क्लास ठरवू नका. जाऊन विचारा, गाडीत एका वेळी किती विद्यार्थी असतात, कारण तिघं बसवले तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. रिव्हर्स, पार्किंग, चढावर गाडी उचलणं हे शिकवणार का ते विचारा. रात्री किंवा पावसात एक-दोन फेऱ्या होतील का ते पण. थिअरी घेतात का, की सरळ स्टिअरिंग हातात देतात. प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो तिथे पैसे भरू नका.

क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, नियमाप्रमाणे असायलाच हवा. पण होतं काय, सर घाईत असतात, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडायला नको म्हणून क्लच-ब्रेक तेच सांभाळतात आणि तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरून बसता. तुम्हाला वाटतं आपल्याला जमतंय, आणि घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच सिग्नलला ती तीनदा बंद पडते. हे ओळखायची सोपी खूण सांगते. गाडी थांबताना तुमच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातंय का बघा, जात असेल तर ब्रेक सरांनी मारलाय. पहिले चार-पाच दिवस ठीक आहे, पण दुसऱ्या आठवड्यात सरांना सरळ सांगा, "सर, आज तुम्ही पाय लांब ठेवा, बंद पडली तर पडू दे." पैसे तुम्ही भरलेत, हे सांगायचा हक्क आहे.

ज्यांना जमेल त्यांनी मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचा कोर्स जवळपास कुठे आहे का ते बघावं. २०२१ मध्ये याचे नियम आले, हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यातले २१ तास प्रत्यक्ष आणि ८ तास थिअरी, आणि तिथून पास झालं की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. मला त्यातली माफी महत्त्वाची वाटत नाही, २१ तास महत्त्वाचे वाटतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊंना टेस्टच्या आधी १२० तास कोणाच्या तरी देखरेखीखाली गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. आपल्या क्लासचे मोजले तर दहाच्या आसपास होतात. राहिलेले तास घरच्यांबरोबर भरून काढायचे, दुसरा उपाय नाही, आणि म्हणूनच मी वर म्हटलं की लर्निंगचे महिने वापरा.

पायरी ३: गाडी सुरू करायच्या आधी आणि पोडियमचा रॅम्प

सीटवर बसलं की पहिलं काम, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतोय ना ते बघायचं. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे. मग तिन्ही आरसे. बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता. बेल्ट लावा, मागे बसलेल्यांना पण लावायला सांगा, कंटाळा न करता. हे सगळं मिनिटभराचं काम आहे, पण बाबांच्या सीटवर तसंच बसून निघणारी पोरं मी इतकी पाहिलीत, पाय पुरत नाही म्हणून पुढे सरकून अर्ध्या सीटवर बसलेली.

आता रॅम्प. ठाण्यात घोडबंदरला, इकडे खारघर-नेरुळला, नवीन बिल्डिंगींत पार्किंग पोडियमला नाहीतर बेसमेंटला असतं, आणि क्लास झालेला असतो सपाट रस्त्यावर. त्यामुळे नव्या ड्रायव्हरची पहिली खरी परीक्षा स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये होते, रॅम्पवर मध्येच पुढची गाडी थांबते, मागे एक येऊन चिकटते आणि घाम फुटतो. यासाठी हाफ क्लच पायाला कळायला पाहिजे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवरून काढून अॅक्सिलरेटरवर अगदी हलका ठेवा आणि क्लच हळूहळू सोडत आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय थांबवा, अजिबात हलवू नका. थोडा अॅक्सिलरेटर वाढवा आणि मग हँडब्रेक सोडा, गाडी मागे एक इंचही न जाता वर जाते. हे दुपारच्या वेळी रॅम्प रिकामा असताना वॉचमनकाकांना सांगून पुन्हा पुन्हा करा, कंटाळा येईपर्यंत करा. एकदा पायाला ती जागा सापडली की कोपरी पुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी छातीत धडधडत नाही. घरची गाडी ऑटोमॅटिक असेल तर हा त्रास नाही, पण तिथे दुसरी काळजी, ब्रेकवरून पाय काढला की ती आपोआप सरकते, आणि डावा पाय कधीच पेडलवर आणायचा नाही, दोन्ही पेडल उजव्याच पायाने.

मोकळ्या जागेसाठी रविवारी सकाळी लवकर वागळे इस्टेटचे आतले रस्ते, किंवा खारघर आणि उलव्यातले रुंद सेक्टर रोड बरे पडतात. उपवनला मात्र शिकायला नेऊ नका, सकाळी तिथे चालायला येणारी माणसं असतात, लहान मुलं असतात, त्यांच्या मध्ये शिकाऊ गाडी घालायची नाही.

पायरी ४: नजर शिकवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला पाहिजे आणि सगळ्यात कमी इथेच घेतली जाते. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत बसतात. नजर बसायला वर्ष लागतं. नवा ड्रायव्हर बॉनेटच्या पुढे दहा फूट बघत असतो, मुरलेला माणूस लांब, पुढच्या चार गाड्यांच्या पलीकडे बघतो.

माझी भाची शिकत होती तेव्हा माजिवड्याच्या अलीकडे एक रिक्षा डावीकडून सटकन पुढे घुसली. तिने जोरात ब्रेक मारला नि म्हणाली, "मावशी, बघितलंस ना, तो मध्ये आला, यात माझी काय चूक?" मी म्हटलं, चूक त्याचीच आहे गं, पण तो येणार हे दिसत होतं की नाही ते सांग. रिक्षा रिकामी होती, वेग कमी करत होती, आणि पुढे फुटपाथवर एक बाई हात करून उभ्या होत्या. रिकामी रिक्षा, पुढे हात केलेला माणूस, म्हणजे ती कुठल्याही क्षणी वळणार. त्या दिवसापासून आम्ही एक खेळच सुरू केला, ती चालवताना मोठ्याने बोलत जायची काय काय दिसतंय ते. "पुढे बस थांबलीय, पुढून कोणी उतरून पळेल. डावीकडे उभ्या गाडीत ड्रायव्हर बसलाय, दार उघडेल. बाईकवाला आरशात बघतोय, लेन बदलणार." पंधरा मिनिटं हे केलं की दमायला होतं, पण महिनाभरात डोळे स्वतःहून असं शोधायला लागतात. क्लासची फी वाचवायची असेल तर वाचवा, पण हा खेळ चुकवू नका.

अंतराचं गणितही इथेच सांगते. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, डोक्याने ठरवलं, पाय ब्रेकवर गेला, यात सहज दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले, दोन एनएमएमटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर. आणि वेग दुप्पट झाला की प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून तीन सेकंद मागे राहायचं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. लोक त्या मोकळ्या जागेत घुसतील, घुसू द्या, परत थोडं मागे व्हा.

ब्लाइंड स्पॉट म्हणजे आरशात न दिसणारा कोपरा. लेन बदलताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून चटकन एक नजर, आणि मगच स्टिअरिंग. आपल्याकडे डावीकडून बाईकवाले येतात, त्यामुळे डावा आरसा उजव्याइतकाच महत्त्वाचा. ट्रकच्या बाबतीत तर सोपी गोष्ट आहे, त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही आहात.

पायरी ५: शेजारी बसणाऱ्यांसाठी

आईबाबा, काका, दादा, हे तुमच्यासाठी. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ओरडू नका. "अरे अरे अरे, ब्रेक!" असं ऐकलं की तो आधी दचकतो आणि मग ब्रेक मारतो, त्यात अर्धा सेकंद जातो. सूचना आधी द्या आणि पूर्ण द्या, "पुढच्या सिग्नलला डावीकडे जायचंय, आतापासून डाव्या लेनला लाग." चुकला तर तिथल्या तिथे भांडू नका, पुढे बाजूला थांबवा, मग शांतपणे बोला. आणि स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका, कायद्यानेसुद्धा तुम्ही तिथे बघायला बसलाय. घरात ओरडा होतोच म्हणून मुलींनी गाडी शिकणं मध्येच सोडल्याचं मी पाहिलंय, त्यांचा हात चांगला असूनसुद्धा, याचं खूप वाईट वाटतं.

पायरी ६: आपले रस्ते, सोप्याकडून अवघडाकडे

आधी सेक्टरमधले आतले रस्ते. मग घरापासून स्टेशनपर्यंत, पण सकाळी नऊची गर्दी टाळून. सर्कल इथेच शिकून घ्या, नवी मुंबईत ते जागोजागी आहेत. आत आधीच फिरत असलेल्या गाडीला जाऊ द्यायचं, हॉर्न मारत घुसायचं नाही, बाहेर पडताना डावा इंडिकेटर. ठाण्यात नौपाडा नि जांभळी नाक्याची गर्दी थोडा हात बसल्यावर, तिथे स्पीडचा प्रश्न नाही पण हातगाड्या, माणसं, डबल पार्किंग, सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं.

त्यानंतर ठाणे-बेलापूर रोड, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. हायवेला मिसळताना रॅम्पवरच वेग हायवेच्या वेगाजवळ आणायचा, तोंडावर येऊन थांबून राहिलं की मागच्याची पंचाईत होते. आनंदनगर, ऐरोली, वाशी या नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण नाक्याजवळ लेनची सरमिसळ अजूनही होते, तिथे आपली लेन लवकर ठरवा.

पाम बीचबद्दल वेगळं बोलायलाच पाहिजे. रस्ता रुंद, सरळ, एका बाजूला खाडी, रात्री मोकळा, आणि पोरांना वाटतं गाडी काढायची तर इथेच. लिमिट ६० ची आहे. सरळ रस्त्यावर वेगाचा अंदाज राहत नाही, ९० ला गेलं तरी ६० सारखंच वाटतं, आणि मध्ये सिग्नल आहेत, वळणाऱ्या गाड्या आहेत, सायकलवाले आहेत. पहिल्या वर्षात रात्री पाम बीचला मित्रांबरोबर गाडी नेऊ नका. खरंच सांगते, नका नेऊ.

गायमुख घाट, मुंब्रा बायपास, शिळफाटा, उरण फाटा आणि कळंबोली, इथे कंटेनर असतात, यांची ओळख शेवटी. लांब ट्रेलर डावीकडे वळताना आधी उजवीकडे जागा घेतो, नव्या माणसाला वाटतं तो उजवीकडे चाललाय नि तो डाव्या बाजूच्या फटीत शिरतो, मग मागची चाकं आतून येतात. वळणाऱ्या ट्रेलरच्या आत कधीच जायचं नाही, मागे थांबायचं. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलला गाडी सोडू नका, कमी गिअरमध्ये ठेवा, इंजिनच वेग धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

अटल सेतू आणि पुणे एक्स्प्रेसवे सगळ्यात शेवटी. दोन्हीकडे मोटारीला लिमिट १०० ची, एक्स्प्रेसवेच्या घाटात त्याहून बरीच कमी, बोर्ड वाचत जा. टू-व्हीलरला दोन्हीकडे बंदी आहे. सेतू साधारण २२ किलोमीटर, मध्ये फोटोसाठी थांबायचं नाही, कोणी म्हटलं तरी.

पायरी ७: पाऊस

जून ते सप्टेंबर आपल्याकडे अर्धं ड्रायव्हिंग पावसातलं. पहिल्या पावसाला रस्त्यावरचं तेल वर येतं, तो दिवस सगळ्यात घसरडा. अंतर तीन सेकंदांचं पाच करा. वायपरची रबरं मे मध्येच बदला, टायरवरची नक्षी बघा, हवेचं प्रेशर किती ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. काच आतून धुरकट झाली की एसीचा झोत काचेवर सोडायचा, एका हाताने पुसत चालवायचं नाही. चालू गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मग तुम्ही लेन बदलताय की सरळ जाताय हे मागच्याला कळतच नाही, साधे हेडलाइट लावा. पाणी साचलं असेल आणि खोली कळत नसेल तर वळा. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही, इंजिनात पाणी जातं. आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत अचानक थांबायचं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, पायाखाली थरथर लागली की घाबरून सोडायचा नाही, ती एबीएस काम करत असल्याची थरथर असते. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, शेजारी जाणतं माणूस घेऊन एकदा हे करून बघा.

स्कूटर-बाईकवाल्यांसाठी थोडं वेगळं

हेल्मेटचा पट्टा लावलेला नसेल तर ते पहिल्याच आपटीत निघून जातं, आयएसआय मार्कचंच घ्या. लर्निंगवर असताना मागे मैत्रिणीला बसवता येत नाही, मागे बसला तर लायसन्सवाला शिकवणाराच. ओल्या रस्त्यावर झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, पुलाचे लोखंडी जॉइंट आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्याच्या प्लेटा यांवर ब्रेक मारायचा नाही आणि वळायचं नाही, सरळ हळू निघून जायचं. दोन ट्रकच्या मधून जायचं नाही. दोन्ही ब्रेक एकत्र वापरायची सवय लावा, नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी लवकर थांबत नाही.

पहिलं वर्ष: घरातले नियम

न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून नव्या ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने लायसन्स देतात, सुरुवातीला रात्री उशिरा एकट्याने चालवायची नाही, मित्र भरून न्यायचे नाहीत. नंतर बऱ्याच देशांनी तसं केलं, कारण तरुण मुलाच्या गाडीत त्याच्या वयाची मुलं बसली की अपघाताचा धोका वाढतो हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत, कार्ड मिळालं की दुसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता चार मित्र घेऊन लोणावळ्याला जायला मोकळे. तेव्हा हे टप्पे घरात ठरवायचे.

माझ्या हिशोबाने पहिले तीन महिने अंधार पडल्यावर एकट्याने नाही, पहिले सहा महिने गाडीत मित्र एकच, आणि वर्षभर हायवेच्या लांब ट्रिपला शेजारी एक अनुभवी माणूस. मोबाइल मागच्या सीटवरच्या बॅगेत, मॅप लावायचा तर निघायच्या आधी लावून ठेवायचा. दारूच्या बाबतीत घरात एकच वाक्य पक्कं असू दे, की प्यायलास, किंवा चालवणारा प्यायलाय, तर कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री काहीही विचारणार नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण पोरं दंडाला घाबरून नाही, घरच्यांच्या ओरडण्याला घाबरून तशीच गाडी घेऊन येतात, म्हणून ते वाक्य आईबाबांनी आधी म्हणायला पाहिजे आणि वेळ आली की पाळायला पण पाहिजे.

मुलांना दिसतं तेच ती करतात, हेही लक्षात असू दे. बाबा सिग्नल तोडत असतील, रात्री अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारत जात असतील, तर मुलाला क्लासमध्ये काहीही शिकवलं तरी तो बाबांसारखंच चालवणार.

अपघात झाला तर

कितीही छोटा असला तरी थांबायचं, पळून जायचं नाही. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा, मागे इशाऱ्याचा ट्रँगल ठेवा, हायवेवर असाल तर गाडीत बसून न राहता सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहा. ११२ ला फोन, अॅम्ब्युलन्ससाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे, जमाव अंगावर येतोय असं वाटलं तर थेट जवळच्या पोलीस स्टेशनला जा, पण कळवा. आणि दुसऱ्याच्या अपघातात मदत करायला थांबलात तर कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो, नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. जखमीच्या डोक्यातलं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला धक्का बसतो.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी हे सगळं डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन अॅपवर टाकून ठेवा, ते चालतं. इन्शुरन्सची तारीख मात्र स्वतः वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. नव्या मोटारीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा आणि टू-व्हीलरला पाच वर्षांचा एकदम घेतलेला असतो, त्यामुळे तो कधी संपतो हे घरात कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर झालीय का तेही त्याच दिवशी बघून घ्या.